एका खोलीत तिघं

माझ्या नवऱ्याचं नाव निंबा. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई सांगायची. होऊ दे थोडं कमी. मला जे सोसावं लागलं त्यापुढे ते काहीच नाही.

सुरतेत प्लेग येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. पळालेली माणसं परत आली होती, लूम पुन्हा धडधडायला लागले होते. आम्ही कतारगामच्या एका चाळीत राहायचो. एक खोली, तिच्यात मी, निंबा आणि सासू पुष्पाबाई. मध्ये दोरीवर जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे सासू आणि स्टोव्ह. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. घरात आम्ही खानदेशातली माणसं अहिराणीच बोलतो, पण सगळं तसंच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही. सासूचं बोलणं मात्र आहे तसंच सांगते. त्या बाईचं बोलणं दुसऱ्या भाषेत बसत नाही.

निंबा दिवसपाळीला पॉवरलूमवर असायचा. त्याच लूमवर रातपाळीला लोटू. आमच्याच तालुक्यातला, जिभेला हाड नसलेला पण मनाचा चांगला. माघ महिन्यात एकदा तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, निंबाभाऊला काय झालंय? धोट्याला तोंड लावत नाही."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. लूमवर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं ओढून घ्यायचा. झटक्यात होतं. दिवसपाळीवाल्याच्या तोंडचा धोटा रातपाळीवाल्याच्या तोंडात जातो, त्यात कोणाला काही वाटत नाही. निंबानं मात्र तारेचा एक आकडा करून घेतला होता आणि आकड्यानं धागा काढत बसायचा. तोवर लूम उभा. मगन मुकादम त्याच्या नावानं शंख करत होता.

"नवरीसारखा लाजतो धोट्याला," लोटू हसत म्हणाला. मीही हसले. तेव्हा हसले, हे आठवलं की आता माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कारण घरातही तेच चाललं होतं. स्वतःचं ताट वेगळं घासायचा. पेला खुंटीवर वेगळा टांगायचा. शेजारच्या रंजनाच्या भाच्याला कडेवर घ्यायचा, तेही बंद. आणि पडद्याच्या अलीकडे भिंतीला तोंड करून असा निजायचा की त्याच्या धोतराची कड माझ्या पायाला लागली तरी दचकायचा. मला वाटलं, झालं, याला दुसरी मिळाली. दिवाळीला माझ्या बापाचा पाय मोडला म्हणून मी माहेरी गेले होते ती मार्गशीर्षात परत आले. तेवढ्यात कोणीतरी घुसली. मी मनातल्या मनात त्या बाईच्या झिंज्या उपटत होते.

मग लोटूला ताप भरला. सपाटून ताप, अंथरुणातून उठेना. ते ऐकून निंबा कामावरून मधेच घरी आला. सासू भाजी आणायला गेली होती. हा मोरीच्या काठावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"मी लोटूला मारलं."

मला वाटलं मारामारी झाली. मी म्हटलं, "कशानं मारलं? डोकं फुटलं का?"

"धोट्यानं," तो म्हणाला. आणि मग सगळं ओकला.

दिवाळीचा बोनस झाला होता. लूम बंद होते. चौघं-पाचजण सिनेमाला गेले, तिथून कोणीतरी म्हणालं चला, आणि हा गेला त्या गल्लीत. एकदाच, म्हणाला. सगळे एकदाच म्हणतात. पुढे माघात एस.टी. स्टँडच्या भिंतीवर कवटीचं चित्र आणि खाली एड्स असं लिहिलेलं त्यानं पाहिलं. कोणाला तरी वाचायला लावलं आणि तिथंच खाली बसला. तेव्हापासून याच्या डोक्यात एकच, की थुंकीतून जातं, धोट्यातून जातं, आकडा करायच्या आधी इतके दिवस लोटूनं आपला उष्टा धोटा तोंडात घेतला, आता लोटू मरणार आणि त्याचं पाप आपल्या माथी.

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते त्याच्या डोक्यात घालणार होते, पण मोरीत फेकलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

"लोटूचं बघतोस? आणि मी माहेराहून आल्यावर माझ्याजवळ आलास तो कोण होता रे? तुझं भूत?"

त्यानं वर बघितलं. बाई गं, तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला ते सुचलंच नव्हतं! धोटा सुचला, पेला सुचला, शेजारचं पोर सुचलं. मी सुचले नव्हते. चित्र पाहिल्यापासून तो माझ्यापासून लांब राहिला होता खरा, पण त्याच्या आधीचे दोन महिने त्यानं हिशेबातच धरले नव्हते. मी त्याच्या शेजारी बसले. सासू भाजी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं मोरीच्या काठावर बसलेलो होतो. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मेथी निवडायला घेतली.

लोटूला मलेरिया निघाला. गोळ्या खाऊन तो उठला आणि पुन्हा बडबडायला लागला. पण मला आता झोप कुठली? जिभेवर पांढरं दिसतंय का ते आरशात बघायची, काखेत गाठ आहे का चाचपायची, साधी शिंक आली तरी कपाळाला हात लावून ताप बघायची. शेवटी मीच निंबाला म्हटलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ. सासूला सांगितलं की माझं पोट दुखतं, बायकांच्या डॉक्टरला दाखवते.

सासू खूश झाली. "जाय, जाय. दोष कोनामा शे ते तरी समजी."

दवाखान्यात एक डॉक्टरबेन होती. तिच्याभोवती ही गर्दी. निंबानं मला कोपरानं पुढे ढकललं, तेव्हा मीच सांगितलं. परक्या बाईपुढे नवऱ्याचं शेण स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. ती ओरडली नाही, हसलीही नाही. तिला हे रोजचंच असावं. निंबानं एकच विचारलं, "धोटा?" तो काय असतो ते तिला समजावून सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "ना भाई, धागे से नहीं होता. थाली से नहीं, गिलास से नहीं. इसकी चिंता छोड दो." आणि माझ्याकडे बघून गुजरातीत म्हणाली, बेन, तुमचंही रक्त बघावं लागेल.

दोघांचं रक्त घेतलं. पुन्हा बोलावलं त्या दिवशी सांगितलं की दोघांच्या रक्तात काही नाही. निंबा उठून उभाच राहिला. बेन म्हणाली, बस. हा रोग रक्तात लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या, तेव्हा पक्कं सांगता येईल. तोवर लांब राहा, नाहीतर निरोध वापरा.

निरोध! एका खोलीत सासू पडद्यापलीकडे कूस बदलते तर आम्हाला ऐकू येतं. ती रोज डबे, उशा, ट्रंकेखालची धूळ सगळं झाडते. पुडी कुठे ठेवू, डोक्यावर? आणि खरं सांगू, पुडी मिळाली असती तरी मी त्याला जवळ येऊ दिलं नसतं. मला त्याची शिसारी येत होती. त्याच माणसाची मला काळजीही वाटत होती. एकाच वेळी दोन्ही. चपाती वाढताना वाटायचं याच्या तोंडावर फेकावी, आणि त्यानं अर्धीच खाल्ली की वाटायचं, याला आतून काही होतंय का?

तो रविवारी स्टेशनवर जाऊन वजन करायचा. नाणं टाकलं की लाल दिवे फिरतात आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडतं, ते मशीन. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एकदा थोडं वजन उतरलं तर दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या आठवड्यात अर्थातच आणखी उतरलं. मी म्हटलं, "उपाशी राहून वजन वाढतं का हो कधी?" त्याच्या तिकिटावर हिंदीत लिहिलं होतं, आपका जीवनसाथी आपसे प्रसन्न है. मी ते वाचून दाखवलं आणि चुलीत घालायला चूल नव्हती म्हणून स्टोव्हवर जाळलं.

कोणाला सांगायची सोय नव्हती. चाळीत कळलं असतं तर घरमालकानं त्याच दिवशी सामान रस्त्यावर टाकलं असतं. लूमवर कळलं असतं तर डॉक्टरबेननं हजारदा सांगितलं तरी निंबाच्या हातचा धोटा कोणी घेतला नसता. तापीलाइनच्या गाडीनं गोष्ट गावी पोचायला एक रात्र पुरे. आणि लोक त्याला नावं ठेवून थांबतात का? म्हणतील, बायको महिना-दीड महिना माहेरी होती, तीच काय करत होती कोण जाणे! इकडे आड, तिकडे विहीर. मी गप्प राहिले.

सासू मात्र गप्प नव्हती. त्याच तीन महिन्यांत तिला नातवाचा ध्यास लागला. आधी ताईत आणला. मग कोणा वैदूची पूड. मग मला इच्छापोर गावच्या एका भगताकडे घेऊन गेली. त्यानं मोरपिसानं माझ्या डोक्यावर मारलं आणि राख घातलेलं पाणी दिलं. "पी," सासू म्हणाली, "सरळ पी ले, वहू, तोंड वाकडं करू नको." मी प्यायले. मूल कशानं होतं ते त्या भगताला ठाऊक नसेल, पण चार पोरांची आई असलेल्या माझ्या सासूला ठाऊक असायला नको? पण मी बोलणार काय?

नळावर ती बायकांना सांगायची, वहूले पोऱ्या व्हत नही, काय करो बहीण. मग तिच्या बहिणीच्या ज्योतीचं नाव निघायला लागलं. ज्योती कशी गोरी, ज्योती कशी अंगापिंडानं भरलेली. मी पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन ऐकत उभी. निंबा घरी असला की तो हे सगळं ऐकायचा. ऐकायचा आणि बिडी प्यायला बाहेर जायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथं तर चोर फाशी बघायला पुढच्या रांगेत बसला होता.

वैशाखात शेजारच्या रंजनाचं डोहाळजेवण होतं. रंजना माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. पोरगी दिवसभर माझ्याच घरात असायची, चिंच मागायला, लोणचं मागायला. तिची हिरवी साडी मीच जाऊन आणली, फुलांची वाडी मी ओवली. सगळ्या बायका तिची ओटी भरत होत्या. माझी पाळी आली. मी नारळ आणि तांदूळ ओंजळीत घेऊन वाकले, तेवढ्यात सासूनं माझं मनगट धरलं. सगळ्यांपुढे. नारळ माझ्या हातातून काढून घेतला.

"तू ऱ्हाऊ दे, वहू. भरेल ओटीले रिकामी ओटीना हात नको."

रंजनानं मान खाली घातली. माझ्या ओंजळीतले तांदूळ तसेच होते, ते कुठे टाकावेत मला कळेना. निंबा दारात उभा होता. पुरुष अशा वेळी येत नाहीत, पण त्याला पाणी पाहिजे होतं म्हणून तो आला होता. त्यानं सगळं बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. एक शब्द बोल, मेल्या. एवढंच बोल की हिचा दोष नाही. तो पाणी न पिताच निघून गेला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हे मी लहानपणापासून ऐकत होते. तो कसा लागतो ते त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी ते तांदूळ डब्यात परत टाकले आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की रक्तात रोग निघाला तरी चालेल. निदान हे संपेल. मग स्वतःचीच भीती वाटली आणि मी भांडी घासायला बसले.

तीन महिने भरले. आम्ही पुन्हा रक्त दिलं, पुन्हा जाऊन बसलो. पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. निंबाचा गुडघा सारखा हलत होता, मी त्यावर हात ठेवून तो दाबून धरला. कित्येक महिन्यांनी मी त्याला हात लावला होता. बेननं आत बोलावलं. कागद बघितला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दोनों ठीक हैं. अब डरना नहीं. और भाई, फिर उधर जाना नहीं."

निंबा तिच्या पाया पडायला गेला. बाहेर आल्यावर त्यानं गाडीवाल्याकडून बर्फाचा गोळा घेतला, स्वतः चोखला आणि मग माझ्यापुढे केला. तोंडभर हसत होता. मीही रडले, खोटं कशाला सांगू. अंगावरचं ओझं उतरलं होतं. आता सगळं नीट होणार असं मला खरंच वाटलं.

"तारा, झालं गेलं गंगेला मिळालं," घराकडे चालताना तो म्हणाला. "आता हे कोणाला सांगायचं नाही."

"कोणाला नाही," मी म्हटलं. "फक्त तुमच्या मायला एक वाक्य सांगायचं. गल्लीचं नको, रोगाचं नको, दवाखान्याचं नको. एवढंच सांगा, की तिचा दोष नाही, मीच तिच्याजवळ जात नव्हतो."

त्याचं हसू मावळलं. "का जात नव्हतो असं ती विचारेल."

"विचारू दे. सांगा, पाठ दुखत होती."

"आता कशाला? आता तर सगळं नीट होईल. वर्षभरात पोर झालं की माय आपोआप…"

मी रस्त्याच्या कडेला बसले. भर उन्हात, कतारगामच्या नाक्यावर, टेम्पोवाले भोंगे मारत होते तिथं. म्हटलं, सांगणार असाल तर घरी येते, नाहीतर इथून सरळ स्टेशन. लोक बघायला लागले. लोक बघायला लागले की निंबा लगेच ऐकतो. "बरं, सांगतो," तो म्हणाला. "ऊठ."

घरी सासू सुपात तांदूळ निवडत होती. दुपारची वेळ, चाळीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या. निंबा तिच्यासमोर उभा राहिला. मी त्याच्या मागे.

"माय, तिचा दोष नाही. मीच तिच्याजवळ जात नव्हतो. किती महिने झाले."

झालं! बोलला! मला वाटलं आता ही बाई सूप खाली ठेवेल, माझ्याकडे बघेल, काहीतरी म्हणेल. तिनं एक खडा वेचला, बाजूला टाकला आणि मान वर न करता म्हणाली,

"माले माहीत शे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय माहीत आहे, आत्याबाई?"

"एकज खोलीमा तिन्ही झोपतस. मी आंधयी शे का बहिरी? माघ महिनापाइन माहीत शे."

माघापासून! मोरपीस, राख, ताईत, ज्योती, रंजनाच्या ओटीतला नारळ. सगळं माहीत असून. माझा आवाज कसा चढला ते मला कळलं नाही. "मग मला का पाजलं ते पाणी? लोकांपुढे माझा हात का धरलात?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं तसं. "मंग लोकेसले काय सांगू? मना पोऱ्यामा दम नही? त्यानं नाव खराब व्हवापेक्षा तुनं बरं. तुले काय? एक पोऱ्या व्हई ग्या का आपोआप पुसाई जाई."

मी निंबाकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं असेल, लाज वाटली असेल, असं मला वाटत होतं. त्याला हायसं वाटलं होतं. मायनं "का" विचारलंच नाही, याचं हायसं. त्याचे खांदे खाली आले होते आणि तो नखानं भिंतीचा पोपडा काढत होता.

सासूनं सूप उचललं. खुंटीवरची आपली गोधडी काढली, उशी काखेत मारली. "आज मी रंजनाघर झोपसू," ती निंबाला म्हणाली. चांगल्या आवाजात, मायेनं. जाताना माझ्या पाठीवरून हातही फिरवला. मग तिनं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला.

भर दुपारी. ओट्यावर सगळ्या बायका.

निंबा म्हणाला, "तारा." तो पडद्याच्या अलीकडे गेला होता. चादर सारखी करत होता. "आता भिण्याचं काही कारण नाही. बेनच म्हणाली."

खरं होतं. भिण्याचं काही कारण नव्हतं. रक्त स्वच्छ होतं, त्याचं आणि माझंही. मी दारापाशी गेले आणि दार ठोठावलं. म्हटलं, "आत्याबाई, कडी काढा." मी दोन्ही हातांनी दार वाजवायला लागले.

निंबा धावत आला आणि माझा हात धरला. "नको वाजवू," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

बाहेर कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, चांगल्या मनानं, नव्या नवरीला हसतात तशा. मी हात सोडवून घेतला आणि दार वाजवत राहिले.